फाल्गुन ते ज्येष्ठ: घराजवळचे पक्षी आणि फिनलंडचा वसंत

अनुराधा_कोथरूड (९ मार्च)

नमस्कार. मेच्या तिसऱ्या आठवड्यात मी आणि माझे यजमान मुलीकडे, फिनलंडमधील एस्पो येथे, महिनाभरासाठी जाणार आहोत. निवृत्तीनंतर वेताळ टेकडीवर नियमित फिरायला जाऊ लागल्यापासून पक्षी पाहण्याचा छंद जडला आहे. त्यामुळे परदेशी जाऊन केवळ बाजारपेठा आणि चर्च पाहून परत यावे असे वाटत नाही. मुलगी म्हणते की तिथला खरा वसंत मेच्या अखेरीसच येतो, म्हणजे एका वर्षात दोन वसंत पाहण्याचा योग आहे.

माझे प्रश्न असे. जाण्यापूर्वी इथे, घराच्या आसपास, काय पाहून ठेवले तर तिथे उपयोग होईल? तिकडचे पक्षी अगदीच अनोळखी असतात, की काहींशी इथेच ओळख होऊ शकते? आणि तिसरा प्रश्न मनात सलतो तो असा, की मेच्या अखेरीस पुण्यात नवरंग हा रंगीबेरंगी पाहुणा पक्षी येतो आणि नेमकी त्याच वेळी मी इथे नसेन. हा सौदा तोट्याचा तर नाही ना?

टेकडीकर (९ मार्च)

अनुराधाताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर टेकडीवर जाण्याआधी सोसायटीच्या आवारातच सुरू होते. सध्या काटेसावर फुलली आहे. एखाद्या झाडापासून थोडे अंतर राखून सकाळचा तासभर बसावे. त्या मांसल लाल फुलांच्या पेल्यात मध साठलेला असतो. बुलबुल, मैना, कोतवाल, हळद्या आणि भोरड्या असे सगळे त्यावर येतात आणि चोच आत घातली की पुंकेसरांचे पराग कपाळाला लागतात. दुर्बिणीतून नीट पाहिले तर कपाळ माखलेला बुलबुल सहज दिसतो, आणि हा कुठला नवा पक्षी म्हणून नवखे लोक पुस्तक चाळू लागतात.

शिंजिराकडेही याच दिवसांत लक्ष द्यावे. जांभळ्या शिंजिराचा नर विणीचा हंगाम नसताना मादीसारखाच पिवळट दिसतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक गडद पट्टा असतो. आता तो पट्टा पसरत जाऊन सगळा पक्षी निळा-जांभळा चमकू लागला आहे. अर्धवट बदललेले, ठिगळे लावल्यासारखे नर मार्चमध्येही अधूनमधून दिसतात. आवारात शेवग्याची किंवा गुलमोहराची वाळकी फांदी असेल तर ती छाटू देऊ नका. तांबट अशाच कुजट फांदीच्या खालच्या अंगाला भोक पाडून घर करतो, म्हणजे पावसाचे पाणी आत जात नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर फिनलंडमध्ये राहणाऱ्या कुणी दिलेले बरे, पण एक इशारा देतो. आपल्याकडे हिवाळा काढून आता निघण्याच्या तयारीत असलेल्या पक्ष्यांकडे बघा. काळ्या डोक्याचे भारीट ज्वारीच्या शेतांतून थव्याने उठताना आपण पाहतो. ते विणीसाठी तुर्कस्तान, ग्रीस आणि बाल्कन प्रदेशांत जातात आणि त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांचा हिवाळा भारतातच जातो. युरोपात घरटे आणि भारतात हिवाळा असे आणखीही काही पक्षी आहेत.

पाणथळप्रेमी (१० मार्च)

पुणेकरांनी टेकडीचा विषय काढला की आम्हा ठाणेकरांना खाडीची बाजू मांडावीच लागते. वसंत झाडावरच बसलेला असतो असे कुणी सांगितले? या दिवसांत खाडीवरचे कुरव पाहा. काळ्या डोक्याच्या कुरवाचे डोके हिवाळाभर पांढरे असते आणि कानामागे फक्त एक काळसर ठिपका दिसतो. मार्चमध्ये त्या डोक्यावर गडद तपकिरी टोपी चढू लागते. एकाच थव्यात पूर्ण टोपीवाले, अर्धी टोपीवाले आणि बोडके असे सगळे शेजारी शेजारी बसलेले असतात. एप्रिलमध्ये पाणटिवळ्यांच्या मानेवर आणि छातीवर विटकरी रंग येतो, तर कर्ल्यू सँडपायपर जवळजवळ अख्खा तांबडा होतो. जाण्यापूर्वी वऱ्हाड सजते ते असे.

रोहित मेअखेरपर्यंत असतात, काही तर पाऊस पडेपर्यंत रेंगाळतात. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) दर्जा मिळाल्यापासून बघ्यांची गर्दी वाढली आहे, त्यामुळे शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून यावे. कुरवांना फरसाण आणि गाठ्या खाऊ घालणारी मंडळी दिसली तर त्यांना माझ्या वतीने दोन शब्द सुनवावेत.

झोपमोड (१० मार्च)

आमच्या खिडकीबाहेरचा कोकीळ पहाटे साडेचारला सुरू होतो आणि थांबण्याचे नाव घेत नाही. फिनलंडला त्याला सोबत न्यायची तयारी असेल तर तिकीट मी काढतो, खिडकीजवळची जागा देतो.

हेलसिंकीकर (११ मार्च)

अनुराधाताई, मी बरीच वर्षे हेलसिंकीत आहे आणि मूळचा पुण्याचाच, त्यामुळे हा धागा माझ्यासाठीच उघडला आहे असे समजून सविस्तर लिहितो.

आपण येणार त्या दिवसांत इथे सूर्य पहाटे चारच्या सुमारास उगवतो आणि रात्री दहा वाजून गेल्यावर मावळतो. मधली रात्रही पूर्ण काळोखी नसते. पक्षी पाहण्याची आपली सवय सकाळी सहा ते नऊची असते, ती इथे मोडावी लागेल, कारण इथले कितीतरी उत्तम गायक रात्री अकरा ते दोन या वेळेत गातात. मेच्या मध्यापासून थ्रश नाइटिंगेल शहराच्या आतल्या झुडपांतूनही इतक्या जोरात गातो की बसथांब्यावर उभे राहून ऐकता येतो.

पण आपल्याला ज्याच्याशी पुण्यातच ओळख करून घेता येईल असा पक्षी म्हणजे ब्लिथचा बोरू वटवट्या. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयात काम करणाऱ्या एडवर्ड ब्लिथ यांनी १८४९ मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणजे शास्त्रीय नोंदीतही तो आधी आपल्याकडचाच. फिनलंडपासून सायबेरियापर्यंत त्याची वीण होते आणि हिवाळ्यात तो भारतात, श्रीलंकेत येतो. गेल्या शतकात तो पश्चिमेकडे पसरत फिनलंडमध्ये स्थिरावला. दहा-बारा ग्रॅम वजनाचा हा मातकट जीव पुणे ते हेलसिंकी हे सुमारे सहा हजार किलोमीटरचे अंतर वर्षातून दोनदा कापतो. पुण्यात तो घाणेरीच्या आणि बाभळीच्या जाळीत लपून 'चक्, चक्' एवढेच बोलतो. इथे आल्यावर मात्र रात्रभर गातो, तेही अतिशय सावकाश. एक तुकडा घेतो, तो चार-पाच वेळा घोळवतो, मध्ये दोन 'चक्' टाकतो आणि मग दुसऱ्या पक्ष्याच्या आवाजाची नक्कल करून तोही घोळवतो. मोबाइलवरचे आवाज ओळखणारे ॲप त्याच्यासमोर धरले तर पडद्यावर पाच-सहा पक्ष्यांची नावे येतात आणि झुडपात तो एकटाच असतो.

तेव्हा मार्च-एप्रिलमध्ये त्याचा 'चक्' पाठ करून या. लाल छातीचा माशीमारही पाहून ठेवा. पुण्यातल्या बागांत शेपटी वर उचलून 'टिर्र्' करणारा तो पक्षी इथल्या जुन्या स्प्रूसच्या जंगलांत घरटे करतो. रोझफिंच हा तिसरा. या तिघांच्या बाबतीत इथले पक्षी खरोखरच आग्नेयेकडे, भारतीय उपखंडाकडे येतात, आफ्रिकेकडे जात नाहीत.

एस्पोहून लायालाहतीची खाडी जवळ आहे, तिथे निरीक्षणाचे मनोरे आहेत. हेलसिंकीत वीक्कीच्या बाजूने बोरूच्या बेटांतून लाम्मासारीपर्यंत लाकडी पायवाट जाते. दोन्ही ठिकाणी सार्वजनिक वाहनाने जाता येते आणि कुठेही प्रवेशशुल्क नाही.

सडेतोड (११ मार्च)

हेलसिंकीकरांनी लिहिले छान आहे, पण मला हा सगळा उत्साह थोडा उलटा वाटतो. जो पक्षी इथे सहा महिने शेजारी राहूनही कुणी ढुंकून पाहत नाही, तो परदेशात गाताना ऐकण्यासाठी चैत्र-वैशाख त्याच्या 'चक्'च्या मागे घालवायचा? या दिवसांत आपल्या झाडांवर स्थानिक पक्ष्यांची लगीनघाई चालू असते. दयाळ उजाडण्यापूर्वी गातो, शिंपी पाने शिवतो, पावशा सातभाईंच्या घरट्यांवर डोळा ठेवून ओरडत असतो आणि मेच्या अखेरीस नवरंग येतो. एखाद्या थकलेल्या नवरंगाने गॅलरीत उतरून लोकांना चकित केल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. ज्या पुण्यात हा पक्षी पाहायला मिळावा म्हणून बाहेरचे लोक येतात, त्या पुण्याच्या लोकांनी त्याच वेळी बाहेर जावे, हे मला पटत नाही.

आणखी एक गोष्ट. वेताळ टेकडीवरचा बोरू वटवट्या फिनलंडला जाणार की सायबेरियाला, हे त्याच्याकडे पाहून कुणालाही सांगता येणार नाही. तेव्हा 'आपला' पक्षी तिथे भेटला, ही निव्वळ भावना आहे.

देवरुखकर (१२ मार्च)

सडेतोड यांच्या यादीत कोकण नाही, म्हणून भर घालतो. आमच्या भागात सध्या धनेशाची वीण चालू आहे. गावाबाहेरच्या जुन्या बेहड्याच्या ढोलीत मादीने स्वतःला कोंडून घेतले आहे आणि ढोलीचे तोंड विष्ठेने व चिखलाने लिंपून फक्त चोच जाईल एवढी उभी फट ठेवली आहे. नर आला की आधी समोरच्या झाडावर बराच वेळ थांबतो, चारी दिशांना पाहतो आणि धोका नाही याची खात्री पटल्यावरच ढोलीच्या खोडाला बिलगतो. मग मान मागे टाकून गळ्यातून एकेक फळ चोचीच्या टोकाशी आणतो आणि फटीतून आत देतो. उंबर, वड, रानजायफळ असा सगळा मेनू असतो. झाडाखाली पडलेल्या बिया गोळा करून पाहिल्या की आठवड्याचा आहार कळतो.

मी हे दूरच्या बांधावरून, झुडपाआड बसून पाहतो. जवळ माणूस दिसला तर नर खाणे न देताच परत फिरतो आणि आत मादी उपाशी राहते. छायाचित्रासाठी ढोलीखाली ठाण मांडणाऱ्यांना ही साधी गोष्ट समजत नाही. आमच्या गावात आता मुलेच अशा लोकांना हटकतात.

केंटवासी (१२ मार्च)

अनुराधाताई, मी इंग्लंडमध्ये असतो. हिवाळ्यात आपल्याकडे तारांवर ओळीने बसणाऱ्या माळभिंगऱ्या तुम्हाला फिनलंडमध्ये गोठ्यांत घरटी करताना दिसतील, आमच्याकडेही एप्रिलपासून दिसतात. तेव्हा ओळखीच्या पक्ष्यांची यादी तीनवर संपत नाही.

टेकडीकर (१३ मार्च)

केंटवासी, जात एकच असली तरी त्या माळभिंगऱ्या वेगळ्या. इंग्लंडच्या माळभिंगऱ्या हिवाळ्यात दक्षिण आफ्रिकेपर्यंत जातात, फिनलंडच्याही आफ्रिकेतच जातात. आपल्या तारांवर बसणाऱ्या हिमालयातून आणि उत्तर आशियातून येतात. कैकराचेही असेच आहे. फिनलंडमध्ये सरोवराकाठी घरटे करणारा कैकर आफ्रिकेत जातो आणि उजनीवर मासे पकडणारा वेगळ्या बाजूने आलेला असतो.

सडेतोड यांचा मुद्दा इथेच तपासता येतो. माळभिंगरीच्या बाबतीत 'आपला पक्षी तिथे भेटला' असे म्हणणे चुकीचे ठरेल. बोरू वटवट्याच्या बाबतीत तसे नाही. टेकडीवरचा एखादा पक्षी सायबेरियाचा असू शकतो हे मान्य, पण फिनलंडमध्ये गाणारा पक्षी नुकताच भारतीय उपखंडातून गेलेला असतो, हे नक्की. उलट्या दिशेने विचार केला की भावनेला आधार मिळतो.

सडेतोड (१३ मार्च)

वकिली मान्य. नवरंगाबद्दल मात्र कुणी काही बोलत नाही, याची नोंद घेतो.

रानफुला (१४ मार्च)

नवरंगाबद्दल मला बोलायचे आहे, पण वेगळ्या अंगाने. मागील हंगामात एका टेकडीवर नवरंग आल्याची बातमी समूहावर पसरली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी छोट्याशा नाल्याच्या दोन्ही बाजूंना कॅमेरेवाल्यांची रांग लागली. कुणीतरी मोबाइलवरून त्याच्या शिट्टीचे ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा वाजवत होते. प्रतिस्पर्धी नर आपल्या हद्दीत शिरला आहे असे समजून पक्षी दर वेळी उघड्यावर येत होता. शेकडो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याने जोडीदार शोधायचा, किडे खायचे की मोबाइलशी भांडायचे?

विणीच्या हंगामात आवाज वाजवू नये, नेमकी जागा जाहीर करू नये आणि घरट्याची छायाचित्रे टाकू नयेत, एवढे या धाग्यावर तरी पाळावे अशी विनंती आहे.

पाणथळप्रेमी (१४ मार्च)

विनंतीला पूर्ण पाठिंबा. देवरुखकरांनीही गावाचे नाव मोघम ठेवले आहे, हे मुद्दाम नमूद करतो.

छायाचित्रवेडा (१५ मार्च)

दर वेळी छायाचित्रकारांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जाते. फेब्रुवारीपासून आमच्या बाजूच्या डोंगरांवर वणवे लागत आहेत. टिटवी, चंडोल, रातवा हे सगळे जमिनीवर घरटी करणारे पक्षी आहेत. एका वणव्यात जितकी अंडी जळतात तितकी माझ्या लेन्सने जन्मात दुखावली जाणार नाहीत. गवत चांगले येते या समजुतीने आग लावली जाते आणि आपण इथे मोबाइलच्या शिट्टीवर चर्चा करतो.

रानफुला (१५ मार्च)

वणव्याबद्दल आपण म्हणता ते शब्दशः खरे आहे आणि जाळरेषा (आग पसरू नये म्हणून मोकळे ठेवलेले पट्टे) काढायला आमच्या गटाबरोबर यायचे असेल तर आपले स्वागतच आहे. परंतु एक नुकसान मोठे आहे म्हणून दुसरे क्षम्य ठरत नाही. शिवाय वणवा विझवायला माणसे लागतात, मोबाइल बंद करायला एक बोट पुरते.

छायाचित्रवेडा (१६ मार्च)

जाळरेषेला येतो. तारीख कळवा.

ओहायोकर (१७ मार्च)

विषय वसंताचा आणि परदेशाचा आहे म्हणून अमेरिकेची थोडी भर. मे महिन्यात आमच्याकडे ईरी सरोवराच्या दक्षिण काठावर मॅगी मार्श नावाच्या ठिकाणी लाकडी पायवाटेवरून वॉर्ब्लर नावाचे छोटे पक्षी पाहायला देशभरातून लोक येतात. दक्षिणेकडून आलेले हे पक्षी सरोवर ओलांडण्यापूर्वी काठावरच्या झाडीत थांबून पोट भरतात. एरवी मान मोडेपर्यंत शेंड्याकडे पाहून जे दिसत नाहीत, ते इथे हातभर अंतरावर, डोळ्यांच्या पातळीवर किडे टिपत असतात आणि दुर्बीण उलट अडचणीची होते.

अनुराधाताईंना यातून एवढेच सुचवतो की फिनलंडमध्ये देश पालथा घालू नका. स्थलांतराच्या दिवसांत एकाच जागी पुन्हा पुन्हा जाणाऱ्याला जास्त दिसते, कारण काल नसलेला पक्षी आज तिथे उतरलेला असतो. दुर्बीण आठ बाय बेचाळीसची (आठपट मोठे दाखवणारी, बेचाळीस मिलिमीटर भिंगाची) पुरेशी आहे. दहापट मोठे दाखवणारी जड दुर्बीण घेतली तर हात हलतो आणि उन्हाळ्याच्या अंधुक रात्री तिचा उपयोगही कमी होतो.

हेलसिंकीकर (१७ मार्च)

ओहायोकरांशी सहमत. एक व्यावहारिक सूचना राहिली होती. इथल्या उंच गवतात गोचिडी असतात आणि त्यांच्यामुळे मेंदूज्वराचा आजार होऊ शकतो. त्यावर लस मिळते, तेव्हा येण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलून घ्यावे. विजारीचे पाय मोज्यांत खोचावेत आणि घरी आल्यावर अंग तपासावे. दिसायला गबाळे दिसते, पण इथे मनोऱ्यावर सगळेच तसे दिसतात.

जाता जाता एक मौज सांगतो. मे महिन्याच्या सुरुवातीला इथे मनोऱ्यांची स्पर्धा असते. देशभर निरनिराळ्या मनोऱ्यांवर गट जमतात आणि पहाटे पाच ते दुपारी एक या आठ तासांत मनोऱ्यावरून जास्तीत जास्त जाती कोण पाहतो, याची चुरस लागते. आपण येईपर्यंत ती उरकलेली असेल, नाहीतर आपल्याला आमच्या गटात घेतले असते.

झोपमोड (१८ मार्च)

पहाटे पाचपासून आठ तास मनोऱ्यावर? आमचा कोकीळ त्या गटात सहज निवडला जाईल.

अनुराधा_कोथरूड (२६ एप्रिल)

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे गृहपाठ केला.

टेकडीच्या पायथ्याशी घाणेरीची दाट जाळी आहे, तिथे रोज थांबू लागले. सुरुवातीला फक्त 'चक्' ऐकू येई आणि पान हले. मग लक्षात आले की तो वर-खाली न जाता जाळीच्या आतून आडवा सरकतो, त्यामुळे आवाज आला त्याच्या थोड्या पुढच्या फटीवर दुर्बीण रोखून ठेवली की क्षणभर दिसतो. मातकट तपकिरी पाठ, फिकट पोट, डोळ्याच्या पुढच्या भागापुरती आखूड भुवई आणि लांबट चोच. रंगाच्या दृष्टीने सांगण्यासारखे काहीच नाही, आणि तरी एकदा दिसला की पुन्हा चुकत नाही. मार्चअखेरीस तिथे एकमेकांना उत्तर देणारे दोन-तीन आवाज असत, गेल्या आठवड्यात एकच होता आणि आता जाळीत शिंपी आणि सातभाईंचाच गोंगाट आहे. लाल छातीचा माशीमार तर त्याआधीच दिसेनासा झाला.

सडेतोड यांना राग येऊ नये म्हणून सांगते, शिंजिराचे घरटेही पाहिले. शेजारच्यांच्या जास्वंदीला लोंबकळणारी ती पुरचुंडी कोळिष्टकांनी बांधलेली होती आणि बाहेरून सालींचे तुकडे आणि सुरवंटाची विष्ठा चिकटवलेली होती, त्यामुळे झाडावर अडकलेला कचराच वाटावा. शेजारीणबाई ती खरोखरच झाडून टाकायला निघाल्या होत्या.

गॅलरीत पाण्याचे मातीचे पसरट भांडे ठेवले आहे. आम्ही गेल्यावर त्याचे काय करावे?

रानफुला (२६ एप्रिल)

भांडे उथळ असावे, मध्ये एक दगड असावा आणि पाणी रोज बदलले जावे, नाहीतर डास होतात. बदलणारे कुणी नसेल तर पंधरा दिवस आधीपासून हळूहळू कमी करत आणण्यापेक्षा शेजारीणबाईंच्या गॅलरीत हलवून द्या. घरटे झाडून टाकायला निघाल्याचे प्रायश्चित्त म्हणून त्या नक्की स्वीकारतील.

सडेतोड (२७ एप्रिल)

राग नाही. शिंजिराचा उल्लेख झाल्यामुळे नवरंगाची तक्रार सशर्त मागे घेतो. अट अशी की फिनलंडहून वृत्तांत लिहावा.

सडेतोड (३० मे)

अनुराधाताई तिकडे पोहोचल्या असतील. त्यांच्या माहितीसाठी कळवतो की पुण्यात नवरंग आला आहे. उजाडताना दोन स्वरांची ती शिट्टी ऐकू आली आणि पालापाचोळ्यात पाने उलटत उड्या मारताना दिसलाही. ठिकाण सांगणार नाही, रानफुलाताई रागावतील.

अनुराधा_कोथरूड (९ जून)

सडेतोड, बातमी वाचून जीव हळहळला, नाही असे नाही.

वृत्तांत लिहिते. पहिले काही दिवस झोपेचे वेळापत्रकच बसेना, मग ते न बसण्याचाच फायदा घेतला. ओहायोकरांचे ऐकून लायालाहतीचीच वाट धरली. बार्नॅकल गूज इथे शहराच्या हिरवळीवर गाईगुरांसारखे चरतात आणि पिल्ले घेऊन रस्ता ओलांडताना वाहने थांबतात. थ्रश नाइटिंगेल ऐकायला खास कुठे जावे लागले नाही, मुलीच्या घरामागच्या ओढ्यावरच होता.

बोरू वटवट्या मात्र आधी भेटेना. हेलसिंकीकरांनी फोनवर सांगितले की बोरूच्या बेटात शोधू नका, नाव काहीही असले तरी तो वनाच्या कडेची झुडपे आणि पडीक शेतांचे बांध पसंत करतो. तिथे रात्री साडेअकराला गेलो. प्रकाश एवढा होता की घड्याळ वाचता येत होते. आधी 'चक्, चक्' ऐकू आले आणि मी यजमानांना म्हटले की हा आपल्या टेकडीवरचा. त्यांनी विश्वास ठेवला नाही. तेवढ्यात त्याने पहिला तुकडा घेतला आणि पाठोपाठ तोच तोच घोळवत राहिला. मध्ये कावळ्याच्या जातीतल्या कुणाची तरी नक्कल केली, पुन्हा 'चक्'. जाळीत लपून राहणारा हा पक्षी इथे झुडपाच्या शेंड्याजवळ, उघड्यावर बसून गात होता, याचे मला गाण्याइतकेच नवल वाटले. टेकडीवर महिनाभर त्याची शेपटी पाहण्यासाठी धडपड केली नसती तर हे नवल वाटलेच नसते.

माझ्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आता मीच देते. नवरंग चुकला हा तोटा आहे आणि तो तोटा म्हणूनच मान्य करते. मात्र एप्रिलमधली टेकडी वगळून थेट इथे आले असते, तर आजच्यापेक्षा पुष्कळ कमी दिसले असते. ज्यांना असा प्रवास करायचा आहे त्यांनी आधी आपल्या जवळच्या जाळीत पाहुणे कोण आहेत ते पाहावे आणि मग त्यांचा देश निवडावा.

टेकडीकर (९ जून)

उत्तम वृत्तांत. याच कुळातला मार्श वॉर्ब्लर हिवाळ्यात आफ्रिकेत ऐकलेल्या पक्ष्यांच्या नकला युरोपात येऊन करतो, याच्या चांगल्या नोंदी आहेत. तेव्हा ताईंच्या गायकाने पुण्याच्या बुलबुलाची किंवा शिंप्याची नक्कल केली तर तातडीने ध्वनिमुद्रण करून पाठवावे. वाजवण्यासाठी नव्हे, ऐकण्यासाठी.

झोपमोड (१० जून)

आणि कोकिळाची केली तर कृपया पाठवू नये.

अनुराधा_कोथरूड (११ जून)

एक शंका राहिली आहे. काल सकाळी ओढ्याकाठच्या बर्चच्या शेंड्यावरून रोझफिंचची चार-पाच स्वरांची गोड शीळ स्पष्ट ऐकू आली. दुर्बीण लावली तर गाणारा पक्षी लाल नव्हता, चिमणीच्या मादीसारखा साधा तपकिरी होता. चोच उघडताना पाहिली, त्यामुळे दुसराच कुणी गात होता असे नाही. रोझफिंचची मादीही गाते का?

हेलसिंकीकर (११ जून)

ताई, तो नरच आहे. रोझफिंचचे नर पहिल्या वर्षी मादीसारखेच तपकिरी असतात, पण गातात मात्र लाल नरांसारखेच, हद्द राखतात आणि कधी कधी जोडीही जमवतात. लाल रंग त्यांना पुढच्या वर्षी येतो. त्याच शेंड्यावर रोज पाहत राहा, कारण लाल नर जवळपास असेल तर तो याला हुसकावायला येईल आणि दोघे शेजारी दिसतील. शनिवारी मी वीक्कीला जाणार आहे, आपण दोघांनीही यावे. सकाळी सहाला मनोऱ्याखाली भेटू. पोहे मी आणतो, चहाचा थर्मास आपण आणा.